होडीचं लाकूडकाम: व्हार्निशचे पोपडे, काळे डाग आणि नव्याने सुरुवात

काठावरचा

नमस्कार मंडळी.

२७ फुटी फायबरग्लासची जुनी शिडाची होडी नुकतीच माझ्याकडे आली आहे. सांगाडा ठणठणीत, शिडं बरी, पण लाकडाकडे बघवत नाही. छतावर धरायचे दोन लांब कठडे, डेकच्या कडेने फिरलेली पट्टी, केबिनमध्ये उतरायच्या दाराची चौकट, त्या दाराच्या सरकत्या फळ्या आणि सुकाणूचा दांडा, एवढं लाकूड उघड्यावर आहे. कधीकाळी कुणीतरी जीव लावून व्हार्निश केलेलं असणार, कारण फळ्यांच्या आतल्या बाजूला अजून चेहरा दिसतो. बाहेर मात्र तीन तऱ्हा आहेत. काही भागात व्हार्निश पिवळं पडलंय पण घट्ट आहे. काही भागात नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि खाली राखेसारखं करडं लाकूड दिसतं. आणि काही ठिकाणी काळे डाग आहेत, बहुतेक स्क्रूच्या आसपास आणि सांध्यांत.

घासून काढू की तापवून? तेल लावू की व्हार्निश? काळं पडलं म्हणजे कुजलं का? पॉलिश पेपरचा गठ्ठा आणून ठेवलाय, शनिवारी सुरुवात करायचा विचार आहे.

रंधापटाशी

शनिवारी पॉलिश पेपर पिशवीतच राहू द्या. एक टोचा घ्या आणि सगळ्या लाकडावरून हात फिरवत जा. जिथे शंका येईल तिथे टोक तिरकं खुपसून थोडं उचकटा. निरोगी लाकडाची लांब, चिवट काडी उठते. कुजलेलं लाकूड काडी देत नाही, तिथल्या तिथे तुकडा मोडतो, बिस्किटासारखा. वरून काळं दिसणारं बरंच लाकूड आतून ठणठणीत निघतं आणि वरून छान दिसणाऱ्या चौकटीचं खालचं टोक भुसा झालेलं असतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका.

दुसरं, लाकूड कोणतं ते ठरवा. एखाद्या कोपऱ्यात खरवडून बघा. सागवान असेल तर सोनेरी तपकिरी निघेल, बोटाला किंचित मेणचट लागेल आणि चामड्यासारखा वास येईल. महोगनी लालसर असते आणि कोरडी लागते. हे आधी कळायला हवं, कारण सागवान उघडं ठेवता येतं, महोगनी नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: केबिनमध्ये जा आणि कठड्यांच्या बरोबर खाली छताला डाग आहेत का पाहा. मग इथे लिहा.

निळाई

सागवान असेल तर माझं मत वेगळं आहे. काहीच लावू नका. माझ्या होडीवर गेली कित्येक वर्षं उघडं सागवान आहे, रुपेरी करडं झालंय आणि मला ते आवडतं. मऊ ब्रश, समुद्राचं पाणी, रेषांना आडवं हलक्या हाताने घासणं, बस. फक्त पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्र कधी वापरू नका. रेषांमधला मऊ भाग उडून जातो, कठीण भाग वर राहतो आणि लाकडाला नांगरलेल्या शेतासारखे चर पडतात.

काठावरचा

रंधापटाशी दादा, तुमचं ऐकलं ते बरं झालं. शनिवार टोच्यातच गेला.

कठडे, पट्टी आणि चौकट सागवानाची आहे. फळ्या महोगनीच्या निघाल्या. सुकाणूचा दांडा पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेला आहे, एक फिकी आणि एक लाल असा. चौकटीचा उजवा खांब तळाला तीन बोटं भुसभुशीत आहे, बाकी लाकूड घट्ट.

केबिनमध्ये डावीकडच्या कठड्याखाली दोन तपकिरी ओघळ आहेत. वर जाऊन बरोबर तीच जागा पाहिली. स्क्रूवरचं गोल लाकडी बूच बोटाने ढकलल्यावर फिरायला लागलं. टोच्याने उचकटलं तर ते नाण्यासारखं पातळ, जेमतेम दोन मिलिमीटर. खाली स्क्रूचं डोकं, त्याभोवती शाईसारखं काळं कडं, आणि खड्ड्यात पाणी. चार दिवस पाऊस नव्हता, तरीही पाणी होतं.

रंधापटाशी

सगळी गोष्ट त्या पाण्यात आहे. तुमच्या व्हार्निशचे पोपडे, काळे डाग आणि केबिनमधला ओघळ ही तीन दुखणी वेगळी नाहीत. लोक वरून घासतात, आठ थर चढवतात आणि सहा महिन्यांत त्याच ठिकाणी पुन्हा फोड येतो, कारण पाणी वरून नाही, बुचाच्या कडेने आणि लाकडाच्या कापलेल्या टोकातून आत जातं. झाडाच्या नळ्या उभ्या असतात. टोक कापलं की त्या नळ्यांची तोंडं उघडी होतात आणि लाकूड तिथून बाजूच्या मानाने कित्येक पट जास्त पाणी ओढतं. ते पाणी ऊन लागलं की वाफ होऊन वर यायला बघतं आणि व्हार्निशला खालून ढकलतं.

म्हणून कठडे काढा. हो, पूर्ण काढा. बुचं इतकी पातळ झालीत यावरून आधी किती वेळा घासलंय ते कळतं. काढताना घाई नको. बुचाच्या मधोमध लहान भोक पाडा, त्यात लाकडाचा स्क्रू फिरवा, त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकलं की बूच आपसूक वर येतं. खालच्या स्क्रूची खाच टोच्याने अगदी स्वच्छ करा. हटला नाही तर डोक्यावर सोल्डरिंग आयर्न (डाग द्यायची तापती सळी) मिनिटभर टेकवा, आधी किंचित आवळा, मग सोडा. खाच एकदा झिजली की अर्धा दिवस गेला. कठड्यावर डावा-उजवा, पुढचं-मागचं टोक लिहून ठेवा.

स्क्रू जुने पितळेचे असतील तर एखादा वाकवून बघा. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, उरलेला धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. स्टेनलेस असला तरी मध्यावर बघा, कारण ओल्या लाकडात हवा पोचत नाही आणि हवेविना स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्रा टिकत नाही, तिथे खड्डे पडतात. मी सिलिकॉन ब्राँझचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) स्क्रू वापरतो.

आता डेकची भोकं. तुमच्या छताच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्सा (अगदी हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असण्याची शक्यता मोठी आहे. भोक जरा मोठं करा, आतला ओला गाभा कोरून काढा, पूर्ण सुकू द्या, खालून टेप लावून पूड मिसळून घट्ट केलेला इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) भरा, आणि तो कडक झाल्यावर त्यातूनच नवं भोक पाडा. म्हणजे पुढे कधी गळती झालीच तरी पाणी गाभ्यात शिरणार नाही. भोकाच्या तोंडाची कड थोडी तिरकी कापा. तिथे सीलंटचं, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाचं, कडं बसतं आणि तेच पाणी अडवतं.

सीलंट पॉलिसल्फाइड घ्या. सागवानाशी त्याचं जमतं आणि पुढच्या वेळी कठडा सुटतो. पॉलियुरेथेनचं चिकट सीलंट लावलं तर कठडा निघताना डेकचा पापुद्रा घेऊन येईल. आणि सिलिकॉन? होडीवर व्हार्निशच्या आसपास ते असूच नये. जिथे त्याचा हात लागलाय तिथे व्हार्निश पसरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात आणि पुसून जात नाहीत.

नवखा_नावाडी

बापरे. फक्त व्हार्निशचा धागा समजून उघडला होता. वाचतोय, थांबू नका.

रोगण

मी रंगाच्या धंद्यात आयुष्य काढलंय, तर व्हार्निश का मरतं त्याची दुसरी बाजू सांगते.

लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारा लिग्निन असतो. ऊन्हातले अतिनील किरण मुख्यतः हा लिग्निन शोषतो आणि तुटतो. तुटलेला लिग्निन पाण्याने धुतला जातो, मागे राहतात ते सुटे, करडे तंतू. निळाईताईंचा रुपेरी रंग तोच. उघड्या लाकडावर यात बिघडत काही नाही, कारण थर फार पातळ असतो. पण पारदर्शक व्हार्निशमधून हेच किरण आत गेले तर तंतू व्हार्निशच्या खाली सुटे होतात. व्हार्निश स्वतः धड असतं, फक्त ज्याला धरून बसलंय तेच सुटलेलं असतं. काठावरचा, तुमचा नखाएवढा पापुद्रा उलटा करून बघा, त्याच्या पोटाला बारीक करडी लव चिकटलेली दिसेल. तेच ते तंतू.

त्यावर उपाय दोनच. किरण शोषणारी द्रव्यं असलेलं व्हार्निश, आणि जाडी. एक थर वाळल्यावर केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास भरतो, म्हणून दोन-तीन थरांत संरक्षण होत नाही. सहा ते आठ लागतातच. शोषक द्रव्यंही कायमची नसतात, ती स्वतः खर्ची पडतात. म्हणून वरचा थर वेळेत नवा करायचा असतो, तो चकाकतोय तोवरच.

घ्यायचं ते स्पार व्हार्निश. स्पार म्हणजे डोलकाठी आणि शिडाचे दांडे. ते वाऱ्यात वाकतात, म्हणून त्यांच्यासाठी तेलाचं प्रमाण जास्त असलेलं, लवचिक व्हार्निश करायचे. तुंग तेल आणि फेनॉलिक रेझिन हा जुना, कसाला उतरलेला मेळ आहे. घरातल्या टेबलाचं कडक व्हार्निश होडीवर चालत नाही. लाकूड फुगतं-आक्रसतं, ते व्हार्निश हलत नाही, मग तडकतं.

भरतीओहोटी

दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन व्हार्निश का नको? फार टिकतं म्हणतात. आणि खाली पातळ इपॉक्सी मारून घेतला तर?

रोगण

टिकतं, खरं आहे. घासलं तरी लवकर ओरखडत नाही. पण कुठे फुटलं की पाणी आत जाऊन पसरतं आणि मग काढणं जिवावर येतं. रसायनाला दाद देत नाही, तापवून सहज सुटत नाही. इपॉक्सीचं दुखणं आणखी वेगळं. त्याला ऊन अजिबात सोसत नाही, खडूसारखं होतं, म्हणून त्यावर किरणरोधक व्हार्निश लागतंच.

मी असं ठरवते: जो भाग स्क्रूशिवाय, सगळ्या बाजूंनी बंद करता येतो आणि होडीवरून काढता येतो, त्यावर इपॉक्सी आणि मग व्हार्निश. सुकाणूचा दांडा याला अगदी योग्य. जो भाग स्क्रूने भोकं पाडून डेकला बसवलाय, त्यावर साधं, एक भागाचं व्हार्निश, जे पुढच्या वेळी माणसासारखं निघेल.

निळाई

आणि तेलाबद्दल एक. डब्यावर ‘टीक ऑइल’ लिहिलेलं असतं ते सागवानातून काढलेलं तेल नव्हे. बहुतेक ते जवसाचं किंवा तुंग तेल, थिनर आणि थोडं रेझिन असतं. लावल्यावर दोन आठवडे रूप देखणं. मग दमट हवेत जवसाच्या तेलावर बुरशी जगते आणि लाकूड काळपट होत जातं. मीही सुरुवातीला दोन वर्षं तेल लावलं, दर महिन्याला. नंतर ते सगळं काढायला जेवढे दिवस गेले तेवढ्यात व्हार्निश झालं असतं. म्हणून माझा सल्ला तोच, एक तर पूर्ण उघडं, नाही तर नीट व्हार्निश.

काठावरचा

ठरलं. डेकच्या कडेची पट्टी उघडी ठेवतो, तिथे पाय आणि दोर घासतच राहणार. कठडे, चौकट, फळ्या यांना व्हार्निश. दांड्याला इपॉक्सी आणि व्हार्निश.

कठडे निघाले. बारा स्क्रूंपैकी तीन मध्यातून तुटले, तुटलेल्या जागी धातू गुलाबी. दादा म्हणाले तसाच. भोकांपैकी चारांत गाभा ओला होता, कोरल्यावर ओल्या चहाच्या चोथ्यासारखा निघाला.

आता जुनं व्हार्निश. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) आणि खरवडणी घेतली आहे. कसं धरायचं?

रंधापटाशी

कठडे आणि फळ्या बाकावर घेऊन करा. होडीवर फक्त चौकट राहते, तिथे फायबरला आच लागू देऊ नका. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, एकदा पिवळा पडला किंवा फुगला की परत येत नाही. पातळ पत्रा आड धरा.

गन चार बोटं लांब, सतत हलती. व्हार्निश सुरकुतलं आणि बारीक बुडबुडे आले की लगेच खरवडणी मागोमाग, रेषेच्या दिशेने, आपल्याकडे ओढत. धूर आला म्हणजे उशीर झाला, लाकूड जळायला लागलंय. खरवडणीचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक ओढीला दोन ओरखडे. पात्याला धार हवीच. धार बरोबर असेल तर भुकटी येत नाही, पातळ, लांब, वळलेली साल येते आणि हाताला कळतं. मी दर दहा मिनिटांनी कानस मारतो. सागवानात सिलिका असते, ती कुठल्याही पात्याची धार खाते.

गनच्या वाफा नाकात जाऊ देऊ नका, उघड्यावर काम करा. खाली जुना रंग निघाला तर आधी शिशाची तपासणी करा, तो तापवायचा नाही आणि कोरडा घासायचाही नाही.

साल निघाली की मग तुमचा पॉलिश पेपर. ८० नंबरचा फक्त जिथे खडबडीत आहे तिथे, मग १२०, मग १८०. रेषेच्याच दिशेने. आणि सगळ्या धारदार कडा गोल करा, पेन्सिलीइतक्या. धारेवरून ओलं व्हार्निश मागे सरकतं, तिथे थर निम्माही राहत नाही. पहिला पोपडा नेहमी धारेवरच सुटतो, आणि ही दहा मिनिटांची गोष्ट लोक नेमकी विसरतात.

भरतीओहोटी

काळ्या डागांबद्दल मी लिहितो, कारण मी ते स्वतः केले होते. व्हार्निशच्या दोन थरांमध्ये घासायला पोलादी लोकर वापरली. हात फिरवला, गुळगुळीत, खूश. पुढचा थर मारला. आठ-दहा दिवसांनी सगळ्या कठड्यावर मिरीएवढे तपकिरी ठिपके. लोकरीचे तुटलेले तंतू रेषांत अडकले होते आणि व्हार्निशखाली गंजले. संपूर्ण कठडा पुन्हा उघडा करावा लागला. होडीवर पोलादी लोकर आणायचीच नाही. ब्राँझची लोकर मिळते किंवा नायलॉनचा घासणीचा तुकडा.

डाग गेले ते ऑक्झॅलिक आम्लाने. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते काळं होतं, ऑक्झॅलिक ते लोखंड सोडवून घेतं. गरम पाण्यात लिटरला ५० ते १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. ब्रशने नुसत्या डागावर नाही, पूर्ण फळीवर लावलं, नाहीतर डाग जातो आणि तिथे फिकट बेट राहतं. अर्ध्या तासाने शाई विरघळल्यासारखी फिकी पडली. गडद डागाला दुसऱ्यांदा लावलं.

पण हे विष आहे. हातमोजे, चष्मा, आणि पावडर ओतताना नाकावर मास्क. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. न धुतलेलं आम्ल सुकून बारीक स्फटिक होतं आणि पॉलिश पेपर मारताना उडतं, घसा जळतो. जेलकोट आणि ॲल्युमिनियमवर थेंब पडला तर लगेच धुवा.

रोगण

भरतीओहोटी, अगदी नेमकं. फक्त एक भर: धुतल्यावर लाकूड खरोखर सुकू द्या. ओल १२ ते १५ टक्क्यांवर यायला हवी. आर्द्रतामापक मिळाला तर सुया टोचून बघा. नसेल तर लाकडावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

आणि चिंध्या! तेल किंवा व्हार्निश पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल, तुंग तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि त्यात उष्णता निघते. गोळ्याच्या आत ती अडकते. काडी न लावता पेट घेतं, तासा-दोन तासांतही. मी एकदा असा गोळा उचलला होता, बाहेरून गार आणि आत बोट घातलं तर चटका बसला. चिंध्या एकेरी पसरून बाहेर वाळत घाला किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवा.

काठावरचा (तीन आठवड्यांनंतर)

लाकूड उघडं झालं, डाग गेले. चौकटीच्या खांबाचं कुजलेलं टोक कापून नवीन सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, तुकड्याच्या जाडीच्या आठपट लांब उतार ठेवून, इपॉक्सीने. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसल्या, फडकं पिवळं-तपकिरी होईना तोवर. बुचं नवी बसवली, दहा मिलिमीटर खोल.

पहिले तीन थर झाले आणि दोन भानगडी आहेत. कठड्यावर बारीक बुडबुडे आलेत, टाचणीच्या टोकाएवढे. आणि फळ्यांवरचं व्हार्निश संध्याकाळपर्यंत आरशासारखं होतं, सकाळी दुधाळ, मंद.

रंधापटाशी

बुचांच्या रेषा कठड्याच्या रेषांना समांतर आहेत ना? आणि व्हार्निशमध्ये बसवलीत की इपॉक्सीत?

काठावरचा

समांतर. व्हार्निशमध्ये. दुसऱ्या दिवशी पटाशीने वरून थोडं थोडं उडवून बघितलं, रेष कुठे उतरते ते कळल्यावर बाजू बदलून खाली आलो. एक बूच खोल फुटलं, ते पुन्हा घातलं.

रंधापटाशी

मग हात बसला तुमचा. इपॉक्सीत घातली असती तर पुढच्या माणसाला ड्रिलने काढावी लागली असती.

रोगण

दुधाळपणा दवाचा. व्हार्निश पुरतं वाळायच्या आत त्यावर ओल बसली. नुकसान वरवरचं आहे, वाळल्यावर २२० ने घासा, पुढच्या थराखाली नाहीसं होईल. दव पडायच्या निदान चार तास आधी ब्रश ठेवायचा.

बुडबुड्यांची दोन कारणं असतात. डबा हलवला का? व्हार्निश कधी हलवायचं नाही, काडीने हळू ढवळायचं, जाळीतून गाळून लहान भांड्यात घ्यायचं आणि उरलेलं मूळ डब्यात परत ओतायचं नाही. दुसरं कारण सकाळचं ऊन. कठडा उन्हात तापत असताना थर दिला की रेषांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या व्हार्निशमधून वर येते. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा, पण लाकूड सावलीत असू द्या. एखादं कापड वर ताणलं तरी पुरे.

थिनर किती घातलं होतं?

काठावरचा

डबा हलवला होता. आणि कठडा उन्हात होता. दोन्ही.

थिनर पहिल्या थरात निम्मं, दुसऱ्यात पाव, तिसऱ्यात एक-दशांश.

रोगण

प्रमाण बरोबर आहे. पहिला थर आत शिरायला हवा, म्हणून पातळ. आता पुढचे थर न घालता किंवा अगदी थोडं थिनर घालून. दोन थरांमध्ये २२० आणि शेवटच्या दोनांमध्ये ३२०. चकाकी पूर्ण मारायची, सगळीकडे दुधी काचेसारखं दिसलं पाहिजे. चमकणारा ठिपका राहिला म्हणजे तिथे खड्डा आहे आणि पेपर पोचला नाही. मग धूळ ओलसर फडक्याने, आणि शेवटी थिनरच्या फडक्याने.

ब्रश एकाच दिशेने, आधी आडवं पसरवा, मग टोकाने रेषेच्या दिशेने हलकं ओढा, आणि मागे वळून दुरुस्ती करू नका. पाच मिनिटांपूर्वीच्या जागेवर माशी बसली तरी बसू द्या, उद्या निघेल.

शिडवाली

मास्किंग टेपबद्दल कुणी लिहिलं नाही. साधी कागदी टेप उन्हात दोन दिवस राहिली की भाजते आणि तिचा चिकटा जेलकोटवर राहतो. जास्त दिवस टिकणारी घ्या आणि व्हार्निश हाताला चिकटायचं थांबलं की लगेच, स्वतःवर दुमडून, सावकाश ओढा. शेवटच्या दोन थरांना टेप एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकवते मी. व्हार्निश सांध्यावरून जरा पुढे जेलकोटवर येतं आणि लाकूड-डेकची रेघ बंद होते.

नवखा_नावाडी

आणि सुकाणूच्या दांड्याचं काय झालं? माझ्या दांड्याचे थर सुटायला लागलेत.

काठावरचा

माझ्याही दांड्याचा मागचा हातभर भाग उकलला होता. जिथे तो सुकाणूच्या लोखंडी पट्टीत बसतो तिथे बोल्टच्या भोकातून पाणी गेलं होतं. पाती घालून फटी उघड्या केल्या, आतली जुनी गोंदाची भुकटी खरवडली, आठवडाभर सुकवला, ॲसिटोनने पुसला. मग फटींत आधी पातळ इपॉक्सी, मागोमाग घट्ट केलेला, आणि क्लॅम्प. फार आवळले नाहीत, सगळा इपॉक्सी बाहेर आला असता. बोल्टचं भोक मोठं करून इपॉक्सीने भरलं आणि पुन्हा पाडलं, डेकसारखंच. वर तीन हात इपॉक्सी, साबणाच्या पाण्याने धुवून त्यावरचा मेणचट थर काढला, घासला, मग सहा थर व्हार्निश.

काठावरचा (पाच महिन्यांनंतर, धागा वर काढतोय)

मंडळी, हिशेब द्यायला आलो. आठ थर पूर्ण झाले होते. कठड्यांना आणि दांड्याला जाड कापडाच्या खोळी शिवल्या, होडी धक्क्याला असली की घालून ठेवतो. खोळी नसलेल्या चौकटीचा वरचा भाग आत्ताच किंचित मंद दिसतो, खोळीखालचे कठडे पहिल्या दिवसासारखे आहेत. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन पुसतो. केबिनमधला ओघळ परत आलेला नाही. मुसळधार पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन छताला हात लावून बघितलं, कोरडं.

मागच्या आठवड्यात शिडाच्या दोराची कडी उजव्या कठड्यावर आपटली. तांदळाएवढी खोक, लाकडापर्यंत. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन सुकवली आणि काडीच्या टोकाने व्हार्निशचा थेंब सोडला. रोज एक, पाच दिवस. सहाव्या दिवशी उंचवटा ३२० ने सपाट केला.

रोगण

थेंबाचं काम छान केलंत. चौकट मंद दिसतेय तर पोपड्याची वाट बघू नका. ३२० ने हलकं घासून दोन थर आत्ताच चढवा. कडक ऊन असेल तर दर तीन-चार महिन्यांनी, नाहीतर सहा महिन्यांनी. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

निळाई

आणि उघडी पट्टी?

काठावरचा

रुपेरी झाली, निळाईताई. सुरुवातीला डागाळ दिसायची, आता एकसारखी आहे. व्हार्निश केलेल्या कठड्यांशेजारी शोभते.

नवखा_नावाडी

मी पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. पहिल्यांदाच. कुठून करू?

काठावरचा

सरकत्या फळ्यांपासून. त्या काढून बाकावर आडव्या ठेवता येतात, ओघळ येत नाहीत, आणि माझ्यासारख्या बाहेर न ठेवता छपराखाली घेतल्या तर ऊन-दवाचा प्रश्न नाही. त्यातही आधी आतल्या बाजूने, जिथे हात चुकला तरी पहिला डोळा पडत नाही. आणि ज्या कडेला लाकडाची टोकं उघडी आहेत, तिला पहिल्या दिवशी पातळ व्हार्निश पिईल तेवढं पाजा. माझ्या मधल्या फळीने एका तासात पाच वेळा प्यायलं.